पाऊस आला, पंप लावा

इसाकभाई सरखोत यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माती खात होते. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. संपादक मंडळींनी 'प्रथम परिचय, कार्य, स्वभाव' असा क्रमही आखून दिला आहे. पण परिचय जसा झाला तसाच सांगावा लागतो, त्याला माझा इलाज नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोला जिल्ह्यातून बहरीनला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. जवळ आयटीआयचं पंप मेकॅनिकचं सर्टिफिकेट, खिशात बायको-मुलीचा फोटो आणि डोक्यात एकच विचार, की सहा महिन्यांचं प्रोबेशन नीट पार पडलं पाहिजे. आमची कंपनी रस्त्याकडेची झाडं आणि बागा ठेक्याने सांभाळायची. मी पाण्याच्या लाइनींचा टेक्निशियन. सकाळी सुपरवायझरने मला हमद टाउनमधल्या एका राउंडअबाउटवर उतरवलं आणि तो निघून गेला. हमद टाउन हे राउंडअबाउटांचंच गाव आहे. तिथे पत्ता सांगताना लोक राउंडअबाउटचा नंबर सांगतात. मी पाइप तपासत असताना पाहिलं तर पांढरा फुलशर्ट, कडक इस्त्रीची पँट आणि पांढरी होत आलेली दाढी असे एक गृहस्थ फुलांच्या वाफ्यात गुडघे टेकून बसले होते. त्यांनी बोटभर खणलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले, थोडा विचार केला आणि थुंकली. मग दोन पावलं सरकून पुन्हा तेच.

उन्हाने माणसाचं डोकं फिरतं असं ऐकून होतो, पण तो नोव्हेंबर होता.

"नया है क्या? किधर का?" त्यांनी विचारलं. मी महाराष्ट्र म्हणताच ते उठून उभे राहिले. "मग हिंदी कशाला झाडतोस? मराठीत बोल. मी रत्नागिरीचा, इसाक सरखोत, नर्सरी बघतो. घे, चाख."

वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी चाखली. खारट लागली, तसं सांगितलं.

"किती खारट?"

"खारट म्हणजे खारट जी. किती काय?"

"घरात आमटीत मीठ जास्त पडला तर एवढाच बोलतोस काय रे? थोडा जास्त, जास्त, का खाववत नाय, काय ता नीट सांग." मग त्यांनी वाफ्याच्या मधली आणि कडेची अशा दोन चिमटी माझ्यापुढे धरल्या. मधली सौम्य होती. कडेची जिभेवर ठेवताच माझं तोंड वाकडं झालं. "समजला? पाणी मधे पडता, मीठ कडेला पळता. ह्या देशात झाड लावायचा म्हणजे मिठाला कुठे बसवायचा एवढाच शिकायचा. बाकी सगळा तू आयटीआयमधे शिकलासच."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पुढच्या दोन महिन्यांत कळलं की तो माझा पहिला धडा होता आणि मी तो कानामागे टाकला होता.

इसाकभाईंच्या कार्याविषयी इतर मान्यवर लिहितीलच. मी त्यांची थोडक्यात ओळख करून देतो. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात त्यांचा जन्म झाला. घरची नारळ-पोफळीची बाग, मराठी शाळेत मॅट्रिक. पंचविशीत ते बहरीनला आले ते एका व्यापाऱ्याकडे स्टोअर क्लार्क म्हणून. झाडांशी त्यांच्या नोकरीचा संबंध नव्हता. पण कोकणी माणसाला अंगण दिसलं की हात शिवशिवतात. त्यांनी राहायच्या जागेमागे गावाहून आणलेले सहा नारळ लावले आणि वाडवडिलांच्या रीतीने प्रत्येकाभोवती छान गोल आळं केलं. पाणी बुंध्याशी साठावं, वाया जाऊ नये म्हणून. इथलं पाणी खारं. ते आळ्यात साठलं, उन्हाने आटलं, मीठ तेवढं मागे राहिलं. रोज नव्या पाण्याबरोबर नवं मीठ. वर्षाच्या आत सहाही नारळ गेले.

दुसऱ्या कोणी नशिबाला बोल लावला असता. इसाकभाईंनी एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर चार रकाने आखले: झाड, कसं गेलं, कारण, चूक कोणाची. पहिली नोंद अशी आहे: "नारळ सहा. पानं कडेने जळत गेली. आळ्यात मीठ साचलं. चूक: इसाक."

हीच ती 'मेलेल्या झाडांची वही'. इथल्या मराठी मंडळींत तिच्याविषयी पुष्कळ दंतकथा आहेत. पुढे व्यापाऱ्याची नोकरी सोडून इसाकभाई नर्सरीत आले, मदतनीसाचे सुपरवायझर झाले, नर्सरीचे प्रमुख झाले, पण वही सुटली नाही. जगलेल्या झाडांची यादी कंपनी ठेवतच होती, ती साहेबांना दाखवायला लागते. गेलेल्यांची यादी ठेवणारे इसाकभाई एकटेच. मराठी मंडळीतला कोणी बाल्कनीतली तुळस वाळली म्हणून सहज बोलला, की इसाकभाई विचारत, "कवा? पाणी कुठला? एसीचा वारा लागत होता काय?" आणि रात्री घरी जाऊन नोंद करत. काही लोक त्यांच्यासमोर झाडांचा विषय काढायला घाबरायचे.

माणूस जिथे राहतो तिथली जमीन त्याला माहीत असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. हिवाळ्यातल्या शुक्रवारी सकाळी ते आम्हा पाच-सहा जणांना गाडीत कोंबून घेऊन जायचे. बहरीनमध्ये बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मी त्या काळात एकदाच विचारला. उत्तर म्हणून त्यांनी मला दक्षिणेकडच्या उघड्या माळावर तीन तास चालवलं. बेट केवढंसं, पण त्याचे किती भाग आहेत ते त्या दिवशी समजलं. उत्तरेला खजुरीच्या बागांचा पट्टा, तिथे पूर्वी जमिनीतून गोड्या पाण्याचे झरे वाहायचे. समुद्राच्या तळातूनही गोडं पाणी उसळायचं, आणि जुने लोक बुडी मारून ते पखालीत भरून आणायचे. मध्ये चुनखडीचा उंचवटा. खाली उतरावं तसं खारपड लागतं, बुटाखाली पापडासारखं मोडतं. वायव्येचा वारा सुटला की सगळं बेट धुळीत दिसेनासं होतं. उन्हाळ्यात हवेत इतका दमटपणा, की सकाळी चष्मा पुसल्याशिवाय गाडी काढता येत नाही, आणि तरी पावसाचा थेंब नाही.

"तुझ्या वऱ्हाडात ऊन हाय पण घाम सुकता," ते मला म्हणाले. "आमच्या कोकणात घाम सुकत नाय पण पाऊस पडता. इथे अल्लाने दोघांचा वाईट तेवढा एकत्र केलान. आणि तरी बघ." त्यांनी बोट दाखवलं तिथे दगडाच्या सावलीला करंगळीएवढं एक झुडूप होतं. त्याची पानं पानांसारखी नव्हतीच, हिरव्या मण्यांची माळ ओवावी तशी होती. पुढे एक बोरीचं झाड लागलं. इथले लोक त्याच्या फळांना कनार म्हणतात. आपली बोरंच ती, जरा मोठी. त्याखाली बसून आम्ही इसाकभाईंच्या पत्नी हमीदाभाभींनी दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. मी आयुष्यात जवळा पहिल्यांदा त्या वाळवंटात खाल्ला.

इसाकभाई राहतात सनद नावाच्या खाडीकाठच्या वस्तीत. राजधानी मनामात चांगली जागा मिळत असताना त्यांनी सनद का धरलं, याचं कारण त्यांनी मला एका संध्याकाळी दाखवलं. तिथल्या उथळ खाडीच्या कडेला चिखलात तिवरं उभी आहेत. अगदी कोकणातली तिवरं, तशीच चिखलातून वर आलेली मुळं, तशीच खेकड्यांची बिळं. इसाकभाईंनी एक पान उलटं करून माझ्या हातात दिलं. मी आता शहाणा झालो होतो, न सांगता चाटलं. पानावर मीठ होतं. "नको असलेला मीठ झाड बाहेर टाकता," ते म्हणाले. "वाळवंट म्हणजे पाणी नाय, असा लोक समजतात. पाणी सगळीकडे हाय. पिता येईल असा नाय, एवढाच." मग ते खाडीकडे बघत बसले. गावची खाडी आठवली असणार. मलाही आमच्या गावाजवळची नदी आठवली. दोघंही डास मारत राहिलो.

त्यांच्या मूल्यांविषयी लिहायचं तर एक प्रसंग पुरे. एका बड्या आसामीला आपल्या व्हिलाभोवती हिरवळ आणि मधोमध हापूसचं कलम हवं होतं. कंपनीला काम मोठं होतं. इसाकभाईंना मोजमाप घ्यायला पाठवलं. त्यांनी माती चाखली, पाणी चाखलं आणि व्हिलाच्या मालकांना सांगितलं, "साहेब, कलम लावतो, पण ते जगणार नाय. दोन वर्षं तुम्ही रोज सकाळी उठून एका आजारी माणसाचा तोंड बघणार. त्यापेक्षा बोर लावा, खजूर लावा, कडेने बोगनवेल सोडा. हिरवळीला लागणारं पाणी वाचेल आणि तुमची बायको मला शिव्या देणार नाय." काम जातं की काय, म्हणून मॅनेजर घामाघूम झाला. मालक हसले आणि बोर लावली. आज तिची फळं ते दर हिवाळ्यात सनदला पाठवतात. रत्नागिरीच्या माणसाने दुसऱ्याला हापूस लावण्यापासून परावृत्त केलं, ही त्यागाची परिसीमा आहे असं मी अनेक समारंभांत सांगत असतो आणि इसाकभाई दर वेळी कानाला हात लावतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

माझ्या प्रोबेशनचा दुसरा महिना होता. इसाकभाई मुलीच्या लग्नासाठी दोन आठवड्यांच्या रजेवर गावी गेले होते. हमद टाउनच्या बाहेरच्या रस्त्याला आमच्या कंपनीने नुकतीच कडुनिंबाची आणि बोगनवेलीची नवी रोपं लावली होती. त्यांच्या पाण्याचा पंप माझ्या ताब्यात होता. कडुनिंब आमच्याकडचंच झाड, म्हणून मी त्या रोपांवर जरा जास्तच जीव टाकला होता. कोणी बघत नसेल तर त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलायचोसुद्धा.

एका सकाळी आभाळ भरून आलं आणि रिमझिम सुरू झाली. कित्येक महिन्यांत थेंब पडला नव्हता. मी गाडीतून उतरून भिजत उभा राहिलो आणि मग शेतकऱ्याच्या पोराने जे करायचं तेच केलं. पंप बंद केला. पाऊस पडत असताना विहिरीची मोटर चालू ठेवली म्हणून माझ्या बापाने मला एकदा बदडलं होतं. ती शिस्त अंगात मुरलेली. दोन दिवस अधूनमधून भुरभुर चालू होती. मी पंप लावला नाही. पाणी वाचवलं म्हणून स्टोअरमध्ये फुशारकीही मारली.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं, पाणी जास्त झालं, मुळं कुजली. म्हणून पंप आणखी बंद ठेवला. आठव्या दिवशी पानं गळायला लागली. मी रोज सकाळी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचो आणि एकेका रोपाखालची गळलेली पानं वेचायचो. घरी फोनवर बायको वैशाली विचारायची, आम्हाला कधी नेता? मी म्हणायचो, प्रोबेशन होऊ दे.

इसाकभाई रजेवरून परतले त्याच दिवशी कंपनीचे इंजिनिअर जासिम साइटवर आले. ते बहरीनी, शांत आवाजाचे, आणि त्या शांतपणाचीच सगळ्यांना भीती. त्यांनी रांग पाहिली आणि इंग्रजीत विचारलं, हे कोणी केलं? इसाकभाई तोवर वाफ्यात बसले होते. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "पंप कवा बंद केलास?"

"पाऊस आला तवा," मी म्हणालो. "मले वाटलं, पाणी पडून राह्यलं तं पंप कायले पाह्यजे?"

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हसले की काय असंही वाटलं. म्हणाले, "अरे, इतके दिवस मीठ कडेला बसलेला होता. थोडासा पाऊस आला की ते सगळा धुऊन मुळाशी उतरता. जोरात पडला तर खाली निघून तरी जाता, पण इथे जोरात कधी पडता? म्हणून पाऊस आला की आधी पंप लावायचा, दाबून. इथे पाऊस आला, पंप लावा, असा हाय. उलटा देश हाय, बाबा."

मग ते उठले, पँटच्या गुडघ्यांवरची माती झटकली आणि जासिमसाहेबांना बाजूला घेऊन अरबीत बोलू लागले. मला तेव्हा अरबी येत नव्हतं. मी पंपाच्या खोलीच्या दाराशी उभा राहून दोघांचे चेहरे वाचत होतो. एकदा जासिमसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं, इसाकभाईंनी ते बोट अलगद खाली केलं. इंजिनिअरचं बोट खाली करायची छाती कंपनीत दुसऱ्या कोणाची नव्हती. पाच-सात मिनिटांनी साहेब गाडीत बसून गेले. मी विचारलं, काय झालं जी? माझा व्हिसा कॅन्सल?

"तीन आठवडे मागितले. यल्ला, चल, पंप लाव."

ते तीन आठवडे मी विसरणार नाही. इसाकभाईंनी आणि मी एकेका रोपाला भरपूर पाणी सोडलं, निचरू दिलं, पुन्हा सोडलं. ते नर्सरीचं काम आटोपून दुपारनंतर येत. लेकीला सासरी पाठवून आलेला बाप तो, पण लग्नाचा विषय एकदाच निघाला, तोही पाणी देताना. "पोरीला नवीन घरी पाठवला," ते म्हणाले, "तिथली माती कशी असेल कोणास ठाऊक." आणि नळी पुढच्या रोपाकडे नेली. बहुतेक रोपांना नवी पालवी फुटली. चौतीस मात्र गेली. शेवटच्या दिवशी इसाकभाईंनी रांगेतून चालत ती मोजली, पिशवीतून वही काढली, पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसले आणि लिहू लागले. बराच वेळ लिहीत होते. मी तोंड फिरवून उभा राहिलो. चौथा रकाना मला ठाऊक होता. त्यात माझं नाव उतरत होतं, ते बघवलं नसतं.

माझी नोकरी राहिली. वर्षाने वैशाली आणि आमची लेक मैत्री इथे आल्या. सनदच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा हमीदाभाभींनी वैशालीला स्वयंपाकघरात नेऊन इथल्या पाण्यात डाळ कशी शिजवायची इथपासून सगळं समजावलं. आमच्या घरी बुद्ध-आंबेडकरांची तसबीर लावायला खिळा ठोकला तो इसाकभाईंनी, कारण भाड्याच्या घरातल्या भिंतीची त्यांना पारख होती. मैत्रीला ताप चढून सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात ठेवावं लागलं, तेव्हा माझी शिफ्ट सुटेपर्यंत तिच्या खाटेशेजारी तेच बसले होते. मी पोहोचलो तेव्हा ते तिला खिडकीतून दिसणाऱ्या खजुरीत नर कोणता, मादी कोणती ते सांगत होते आणि ती सलाइन लावलेला हात हलवत इंग्रजीत वाद घालत होती. त्यांचं हे भांडण अजून मिटलेलं नाही. इसाकभाई मराठीत बोलतात, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. आता ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. दोष कोणाचा ते सांगायला नको.

वाचकांनी काळजी करू नये म्हणून सांगतो, माती चाखणं आता बंद आहे. रस्त्याकडेच्या झाडांना दिलं जाणारं पाणी मुळात सांडपाणी शुद्ध करून आलेलं असतं, हे हमीदाभाभींना एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी सांगितलं. त्यांनी इसाकभाईंकडे असं पाहिलं, की दुसऱ्या दिवसापासून ते मीठ मोजायचं यंत्र वापरू लागले. यंत्र तेवढं बरोबर सांगत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या निवृत्तीनंतरही बदललेली नाही. बहरीनमध्ये कुठेही पावसाचा थेंब पडला की माझा फोन वाजतो. सलाम नाही, नमस्कार नाही. "इंगळे, पंप?" मी म्हणतो, "लावला जी." "मग चहा पी." फोन बंद. मी आता पाणी विभागाचा प्रमुख आहे, हाताखाली पुष्कळ माणसं आहेत, तरी हा फोन चुकत नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही असंच मी समजायचो. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात मी सगळ्यांसमोर म्हणालोही, "काय करता, माझं नाव त्यांच्या काळ्या वहीत आहे." लोक हसले. इसाकभाई एवढंच म्हणाले, "वही घरी हाय. येऊन वाच की." मी कधी गेलो नाही. माणसाने आपली चूक मान्य केलेली असते, पण ती दुसऱ्याच्या अक्षरात बघायची तयारी नसते.

या ग्रंथासाठी वहीतली काही पानं छापायची असं ठरलं. इसाकभाईंनी वही मैत्रीच्या स्वाधीन केली. गेल्या शुक्रवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसून पानं स्कॅन करत होती आणि मला चिडवण्यासाठी अडखळत मोठ्याने वाचत होती. चौथ्या रकान्यात काय काय आहे ते ऐकून वैशाली पोट धरून हसली. वारा. उंदीर. पाण्याचा ट्रक. एका ठिकाणी शेजारच्या वस्तीतल्या शेळीचं नाव, लतीफा, आणि तेही तीनदा. बाकी माणसाचं नाव जिथे आहे तिथे एकच, इसाक. ती पानं उलटत त्या वर्षाकडे येत होती आणि मी चहाचा कप धरून उठायच्या बेतात होतो.

"कडुनिंब, बोगनवेल, चौतीस," तिने वाचलं. "पाऊस पडला, पंप बंद राहिला. मीठ मुळाशी गेलं." मग तिचं बोट चौथ्या रकान्यावर आलं. एकेक अक्षर जोडत ती वाचत गेली. "चूक: इसाक. रजेवर जाताना नवीन माणसाला सांगायचं राहिलं. इंजिनिअरला तसं सांगितलं. झाडं गेली. माणूस राहिला." तिने मान वर केली. "बाबा, नवीन माणूस... इज दॅट यू?"

एकोणीस वर्षं मी ज्या पानाला घाबरत होतो त्यावर माझं नावच नव्हतं. लेकीचं लग्न सोडून त्या माणसाने रजेवर जाताना पंपाची आठवण करायला हवी होती, असं कोण म्हणेल? जासिमसाहेबांपुढे माझ्यावरचं बोट खाली करून त्यांनी ते स्वतःकडे वळवून घेतलं होतं, आणि त्याविषयी आजवर चकार शब्द काढला नव्हता. मी तसाच उठलो, गाडी काढली आणि सनदला गेलो. इसाकभाई अंगणात बोरीला पाणी देत होते. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, ते त्यांना मुळीच आवडत नाही. "काय झाला? कोण मेला?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कोणी नाही जी. वही वाचली."

ते थोडे ओशाळले. मग नळी माझ्या हातात दिली. "मग ह्या बाजूला घाल पाणी. कडेला मीठ दिसता."

इसाकभाई आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण शुक्रवारी माळावर आमच्यापुढे तेच चालतात. त्यांना आणि हमीदाभाभींना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. ते इंशाल्ला म्हणतील, मी आमच्या बौद्ध रीतीने साधू साधू म्हणेन, अर्थ एकच. माझं स्वतःचं मागणं मात्र लहान आहे. या बेटावर पाऊस तसाही वर्षातून चारदोन दिवसच पडतो. पुढची अनेक वर्षं त्या चारदोन दिवशी माझा फोन वाजत राहो. पंप मी आधीच लावलेला असेन, पण ते विचारेपर्यंत चहाला हात लावणार नाही.